जुन्या महाकाय रोबो-मालिकांचे आकर्षण नेमके कशात आहे?

प्रश्न : अधांतरी

'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' (१९९५) ही जपानी ॲनिमेशन मालिका पाहून झाल्यावर तिची मुळे शोधत मी मागे मागे गेलो आणि सध्या 'माझिंगर झेड'पाशी येऊन थांबलो आहे. गो नागाई यांच्या संकल्पनेवरची ही मालिका डिसेंबर १९७२ मध्ये सुरू झाली. तिचे ९२ भाग आहेत आणि त्यांपैकी बहुतेक भागांचा सांगाडा एकच आहे. खलनायक डॉ. हेलने धाडलेला नवा यांत्रिक राक्षस येतो, इमारती तुडवतो, नायक कोजी काबुतो आपल्या छोट्या यानासह माझिंगर या रोबोच्या डोक्यात जाऊन बसतो, आधी बेदम मार खातो आणि शेवटी रॉकेटसारखी सुटणारी मूठ किंवा छातीवरच्या तांबड्या पट्ट्यांतून निघणारा आगीचा झोत शत्रूचा निकाल लावतो. रोबोत बसण्याचे दृश्य तर भागामागून भाग तेच ते, चौकटीला चौकट जुळणारे.

हे सगळे कंटाळवाणे वाटायला हवे होते, पण मी पुढचा भाग लावतोच. लहानपणी यातले काहीच पाहिलेले नसल्यामुळे स्मरणरंजन हे उत्तर मला लागू पडत नाही, आणि 'त्या काळी हे नवीन होते' हे उत्तर इतिहासाचे झाले, आजच्या प्रेक्षकाचे नव्हे. ज्यांनी हा प्रकार मुळापासून पाहिला आहे, त्यांनी कृपया या ओढीचा उलगडा करावा.


प्रतिसाद : खडूफळा

आपण ज्या दृश्याला पुनरावृत्ती म्हणता, माझ्या मते सगळे मर्म त्याच दृश्यात आहे. त्यासाठी माझिंगरच्याही आधीचा रोबो पाहावा लागतो.

मित्सुतेरु योकोयामा यांचा 'तेत्सुजिन २८' हा मंगा (जपानी चित्रकथा) १९५६ मध्ये सुरू झाला आणि १९६३ मध्ये त्याची कृष्णधवल मालिका आली. कथेनुसार हा रोबो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी लष्करासाठी शस्त्र म्हणून घडवला गेला होता. युद्ध संपल्यावर तो शोतारो या शाळकरी मुलाच्या हाती येतो, पण 'हाती येतो' म्हणजे त्याचा दूरनियंत्रक हाती येतो, एवढेच. नियंत्रकाची पेटी चोराने पळवली की तोच रोबो चोराचा. त्या यंत्राला स्वतःचे कोणतेही मत नाही, आणि युद्धानंतर अवघ्या अकरा वर्षांत जपानी मुलांसमोर असे शस्त्र कथेतून ठेवले गेले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

नागाई यांनी माणसाला बाहेरून उचलले आणि यंत्राच्या आत नेऊन ठेवले. वाहनांच्या कोंडीत अडकलेल्या गाड्या पाहून, आपल्या गाडीला पाय फुटले आणि ती इतरांना ओलांडून चालू लागली तर किती बरे होईल, असे आपल्या मनात आले होते, हे त्यांनीच सांगितलेले आहे. आता ते दृश्य पुन्हा पाहा. संशोधन केंद्रासमोरच्या तलावाचे पाणी दुभंगते, खालून माझिंगर वर येतो, पण त्याच्या डोक्याच्या जागी नुसती खाच असते. कोजीचे यान त्या खाचेत उतरून बसते आणि मग डोळे उजळतात. म्हणजे मुलगा रोबोला हुकूम सोडत नाही, तो त्याचा मेंदू होतो. मरताना आजोबांनी कोजीला बजावलेले असते की या यंत्राच्या बळावर तू देव होऊ शकशील किंवा सैतान. सुरुवातीच्या भागांत कोजीला रोबो धड चालवताही येत नाही आणि शत्रूच्या आधी तोच आसपासच्या लोकांच्या जिवावर उठतो, हे आपण पाहिले असेलच. दर भागात ते यान डोक्यात बसते तेव्हा तोच निर्णय नव्याने घेतला जातो. म्हणून मला तरी ते दृश्य कधी फुकट गेल्यासारखे वाटत नाही.


प्रतिसाद : हिशेबनीस

खडूफळा यांचे विवेचन सुंदर आहे, पण त्यात पैशाचा विषय आला नाही आणि तो टाळून या मालिका समजत नाहीत. दर आठवड्याला एक भाग, तोही तुटपुंज्या खर्चात काढायचा म्हटल्यावर एकदा नीट रंगवलेले दृश्य राखून ठेवून पुनःपुन्हा वापरणे ही स्टुडिओंची गरज होती. रोबोत बसणे, अस्त्र सोडणे, यंत्रांची जोडणी होणे ही सगळी दृश्ये अशा राखीव साठ्यातली. गंमत अशी की काटकसरीतून आलेल्या या सवयीचेच पुढे विधीत रूपांतर झाले. प्रेक्षकाला क्रम पाठ असतो, अस्त्राच्या नावाची आरोळी कधी येणार हे ठाऊक असते आणि ती आली की भाग समेवर येतो. गायक इचिरो मिझुकी यांचा खणखणीत आवाज आणि चुमेई वातानाबे यांचे पितळी वाद्यांनी दणदणणारे संगीत यांनी त्या क्षणाला जी उंची दिली, ती चित्रांना एकट्याने गाठता आली नसती.

दुसरा पैसा खेळण्यांचा. बांदाई या खेळणी-कंपनीच्या पॉपी या उपकंपनीने १९७४ मध्ये 'चोगोकिन' नावाने धातूचा माझिंगर बाजारात आणला. कथेत माझिंगर ज्या अद्भुत धातूचा बनलेला असतो, त्याचेच नाव खेळण्याला दिलेले. यानंतर रोबोच्या शरीररचनेवर खेळणे बनवणाऱ्यांचा शब्द चालू लागला. १९७४ च्या 'गेटर रोबो'त तीन विमाने एकमेकांत घुसून तीन वेगवेगळे रोबो तयार होतात, पण तिथे धातू पिठासारखा ताणला जातो. ते कोणत्याही खेळण्यात उतरणे शक्य नव्हते. १९७६ च्या 'कॉम्बॅट्लर व्ही'मध्ये मात्र पाच वाहनांची जोडणी अशी आखलेली आहे की विकत घेतलेले खेळणेही तशाच टप्प्यांनी जोडता यावे. त्यामुळे पडद्यावरच्या जोडणीला एक यांत्रिक शिस्त आली, कोणता भाग कुठे वळतो आणि कुठे अडकतो हे दिसू लागले. आकर्षणाचा मोठा वाटा या शिस्तीचा आहे, असे माझे मत आहे. हे सांगणे रसिकतेला धरून नाही, याची कल्पना आहे.


प्रतिसाद : अनाहूत

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून असे वाटेल की हे आकर्षण केवळ सामर्थ्याचे आणि सोहळ्याचे आहे. माझ्या दृष्टीने जुन्या रोबो-मालिकांचे खरे वैभव त्या सामर्थ्याची किंमत मोजायला बसल्या तिथे सुरू होते, आणि तेही खेळण्यांच्या जाहिरातीचे काम करता करता.

योशियुकी तोमिनो यांची 'झांबोट ३' (१९७७) पाहा. रोबो रंगीबेरंगी आहे, जोडणी आहे, आरोळ्या आहेत. पण लढाई झाली की घरे जळतात, माणसे बेघर होऊन रस्त्याला लागतात आणि हे राक्षस तुमच्यामुळेच आमच्या गावावर आले म्हणून गावकरी नायकाच्या कुटुंबावर दगड उचलतात. पुढे शत्रू पकडलेल्या सामान्य माणसांच्या शरीरात बॉम्ब पेरून त्यांना परत सोडू लागतो. मुलांसाठीच्या मालिकेत हे दाखवण्याचे धाडस कुणी कसे केले, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने 'मोबाइल सूट गंडाम' काढली. ७ एप्रिल १९७९ रोजी प्रसारित झालेल्या तिच्या पहिल्याच भागातील एक प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. अंतराळातील वसाहतीवर शत्रुपक्ष झिऑनच्या फौजेचे झाकू रोबो हल्ला करतात. अमुरो हा मुलगा हातातल्या माहितीपुस्तिकेच्या आधाराने गंडाम सुरू करतो आणि पहिला झाकू तलवारीने कापतो. झाकूची अणुभट्टी फुटते, त्या स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते आणि हवेबरोबर अमुरोचे वडीलही बाहेरच्या पोकळीत ओढले जातात. दुसरा झाकू समोर येतो तेव्हा अमुरोला हे कळून चुकलेले असते की भट्टीला धक्का न लावता याला थांबवायचे तर चालक बसतो नेमक्या तिथेच तलवार खुपसावी लागेल. तो तसेच करतो. म्हणजे त्याचे यश आणि हेतुपूर्वक माणूस मारण्याची पहिली कृती या दोन गोष्टी एकाच हालचालीत घडतात. खडूफळा म्हणतात तो देव की सैतान हा प्रश्न इथे आजोबांच्या तोंडून येत नाही, भट्टीच्या रचनेतूनच उभा राहतो.

रडारच्या जमान्यात रोबो तलवारीने का लढतील, या शंकेलाही तिथे उत्तर आहे : मिनोव्हस्की या काल्पनिक कणांमुळे रडार आणि दूरसंपर्क निकामी होतात, म्हणून लढणाऱ्यांना डोळ्यांना दिसेल इतके जवळ यावे लागते. ही पळवाट आहे हे मान्य, पण ती एकदा घातल्यावर मालिका तिचे नियम इमानाने पाळते.

त्या वेळी प्रेक्षकसंख्या बेताची राहिली, खेळणी अपेक्षेइतकी खपली नाहीत आणि नियोजित ५२ ऐवजी ४३ भागांत मालिका आटोपली. पुनःप्रक्षेपणांनी आणि १९८० पासून आलेल्या बांदाईच्या प्लास्टिक मॉडेलांनी तिला तारले. हिशेबनीस यांच्या मुद्द्याला ही पुष्टीच आहे, फक्त इथे मॉडेल घेणारा ग्राहक वयाने थोडा मोठा होता आणि त्याला नायकाच्या रोबोइतकाच शत्रूचा हिरवा झाकूही हवा होता.


प्रतिसाद : अधांतरी

तिघांचेही आभार. अनाहूत यांचे म्हणणे मला पटते, पण त्याने माझा प्रश्न थोडा बाजूला पडतो. किंमत मोजण्याचे काम रणगाडा किंवा लढाऊ विमानही करू शकते, युद्धकथांत ते नेहमीच होते. मग माणसाच्याच आकाराचे, तेही प्रचंड शरीर कशासाठी? शिवाय 'माझिंगर'च्या जगात अशी किंमत फारशी मोजली जात नाही, तरी मी ती पाहतोच आहे.


प्रतिसाद : रेघोट्या

चित्र काढणाऱ्याच्या बाजूने उत्तर देतो. माझ्या मते सगळा खेळ प्रमाणाचा आहे.

माझिंगर १८ मीटर उंच आहे आणि गंडामही १८ मीटर. साधारण पाच-सहा मजली इमारतीएवढ्या या उंचीची खुबी अशी की रोबो आणि माणूस एकाच चौकटीत मावतात. पायाशी उभा असलेला माणूस लहान दिसतो, पण दिसेनासा होत नाही. डोक्यातल्या काचेआड कोजीचा चेहराही काढता येतो. हेच प्रमाण बदलले की कथेचा सूर बदलतो. 'इदिऑन' (१९८०) मधला रोबो १०५ मीटरांचा आहे आणि तिथे आतली माणसे त्याची चालक उरत नाहीत, त्याच्या पोटातले ओलीस होतात. उलट र्योसुके ताकाहाशी यांच्या 'व्होटोम्स' (१९८३) मधले यंत्र जेमतेम चार मीटरांचे आहे. नायक चिरिको एक यंत्र मोडले की ते तिथेच टाकून दुसऱ्यात चढतो, कारण त्या जगात ते केवळ सैनिकाला मिळालेले सरकारी सामान आहे. मला ती मालिका अतिशय प्रिय आहे, पण माझिंगर तलावातून वर येताना छातीत जे होते, ते तिथे होत नाही आणि होऊ नये अशीच तिची रचना आहे.

रणगाड्याचे म्हणाल, तर रणगाडा गुडघे टेकू शकत नाही. हात तुटलेला, धडपडत उठू पाहणारा, पाठीवर वार झेलून कुणाला आडोसा देणारा रोबो पाहताना त्याचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याही अंगाला तेच सांधे आहेत. चेहरा जवळजवळ निर्विकार असल्यामुळे सगळा अभिनय खांद्यांनी, पाठीने आणि पावलांनी करावा लागतो. हाताने रंगवलेल्या त्या काळात वजन दाखवण्याची साधनेही साधीच होती : जमिनीलगत लावलेला कॅमेरा, पाऊल पडल्यावर एखादा क्षण धरून ठेवलेले चित्र, नंतर उसळणारी धूळ. योशिनोरी कानादा यांच्यासारखे चित्रकार तर अंगाचे प्रमाण मुद्दाम मोडून, मूठ पडद्याएवढी आणि डोके नखाएवढे काढून वेगाचा भास निर्माण करत. आजच्या संगणकीय रोबोंमध्ये प्रत्येक स्क्रू जागेवर असतो, पण ते पुष्कळदा बिनवजनाचे तरंगतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

योकोहामा येथे २०२० ते २०२४ या काळात हलणारा पूर्णाकृती गंडाम उभा होता. कमरेमागे आधाराची चौकट होती आणि पाऊल उचलणे, हात वर करणे या हालचाली अतिशय संथ होत्या. लढाईच्या दृष्टीने ते यंत्र निरुपयोगी होते. तरी त्याचे चित्रण पाहा, ती संथ गतीच अंगावर काटा आणते.


प्रतिसाद : खडूफळा

शरीराच्या मुद्द्यात एक भर घालतो. या मालिका परदेशांत रुजल्या, त्यालाही हेच कारण असावे. 'ग्रेंडायझर' १९७८ मध्ये फ्रान्समध्ये 'गोल्डोराक' या नावाने दाखवली गेली आणि तिथल्या एका पिढीची झाली. फिलिपिन्समध्ये तर शिंगांवरून उच्च-नीच ठरवणाऱ्या परग्रही साम्राज्याशी झुंजणारी 'व्होल्टेस व्ही' इतकी लोकप्रिय झाली की १९७९ मध्ये, ते साम्राज्य कोसळण्याचे अखेरचे भाग यायच्या बेतात असताना, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या सरकारने तिच्यावर बंदी आणली. अधिकृत कारण हिंसाचाराचे होते. लोकांनी त्यातून काय अर्थ काढला असेल, हे वेगळे सांगायला नको.


प्रतिसाद : अधांतरी

प्रमाणाचा मुद्दा डोक्यात ठेवून पुढचे भाग पाहीन. यानंतर कोणत्या क्रमाने जावे, एवढे सुचवले तर बरे होईल.


प्रतिसाद : अनाहूत

'माझिंगर झेड'चा मधला भाग थोडा वगळलात तरी चालेल, पण शेवटचा भाग चुकवू नये. अजिंक्य वाटणाऱ्या त्या रोबोची तिथे जी दुर्दशा होते, ती ९१ भागांच्या सवयीनंतरच लागते. मग 'झांबोट ३' घ्यावी. ती २३ भागांचीच आहे, मात्र सलग पाहू नये, फार जड जाते. त्यानंतर 'गंडाम'. १९८१-८२ मधले तीन संकलित चित्रपट सुबक आहेत, तरी आधी मालिकाच पाहावी असा माझा आग्रह राहील, कारण चित्रपटांत अमुरोचा थकवा सांगितला जातो आणि मालिकेत तो आठवड्यामागून आठवडे साचत जातो.