रोबोटिक्सची मुलं अडकली की कोचने किती सांगावं? (नागपूर, पाचवी ते आठवीची टीम)

मानेवाड्याची_आई

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतल्या मुलांची रोबोटिक्सची टीम आहे, फर्स्ट लेगो लीगची (मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेची) तयारी करून राहिलो आहोत, सहा मुलं, पाचवी ते आठवीतली. कोच मी आहे. माझं काम अकाउंट्सचं, कोडिंगमधलं ब्लॉक ओढून एकमेकांना जोडायचे एवढं मला कळतं, पण मुलांबरोबर बसायला मला मनापासून आवडतं आणि ही टीम त्यांनी स्वतःच्या डोक्याने चालवावी अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी की रोबो बेसमधून (मॅटवरच्या सुरुवातीच्या जागेतून) निघतो, सरळ जातो, डावीकडे वळतो आणि तिथे एक दांडा ढकलायचा आहे, तर कधी ढकलतो कधी त्याच्या बाजूने निघून जातो. चुकला की सगळी मुलं लॅपटॉपवर धावतात, आकडा बदलतात, परत सोडतात, परत चुकतो, मग एक म्हणतो वाढव दुसरा म्हणतो कमी कर आणि मग भांडण. साडेसहा ते आठचा वेळ यातच जातो. आठवीतला एक जण लॅपटॉप सोडत नाही, सहावीतली एक मुलगी खुर्चीवर बसून नुसती बघत असते. त्यातच एका मुलाचे बाबा इंजिनिअर आहेत, ते म्हणून राहिले की मी येऊन अर्ध्या तासात करून देतो. मला ते नको आहे, पण मुलं रडवेली झाली की वाटतं सांगून टाकावं.

तर ज्यांनी टीम सांभाळली आहे त्यांना विचारते, मुलं अडकली की तुम्ही नेमकं काय बोलता? कुठपर्यंत थांबायचं?

---

प्रतापनगर_कोच

ताई, आधी हे की तुम्हाला कोडिंग येत नाही म्हणून काही अडणार नाही, त्याची काळजी सोडा. तुम्ही लिहिलं त्यातली खरी गोम एकाच वाक्यात आहे, चुकला की सगळी लॅपटॉपवर धावतात. म्हणजे रोबो नेमका कुठे चुकला हे कोणीच पाहिलेलं नसतं, आकडा मात्र बदललेला असतो.

उद्या असं करा. लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा, प्रोग्राम हबमध्ये (रोबोवरच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) असतोच. तोच प्रोग्राम काहीही न बदलता पाच वेळा सोडायचा, आणि दर वेळी रोबो जिथे थांबला तिथे पुढच्या चाकाच्या टोकाशी मॅटवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावायचा, त्यावर १, २, ३ असं लिहायचं. मग सगळ्यांना मॅटभोवती उकिडवं बसवा आणि एकच विचारा, हे तुकडे कसे पडलेत?

तुकडे एकाच जागी गोळा झाले असतील पण ती जागा दांड्यापासून लांब असेल, तर रोबो सांगितलेलं काम चोख करून राहिलाय, आपण सांगितलेलं चुकलंय, आता खुशाल आकडा बदला. पण तुकडे इकडेतिकडे पसरले असतील तर आकड्याला हातच लावायचा नाही, कारण तोच आकडा रोबोला पाच वेगवेगळ्या जागी नेऊन राहिलाय, सहावा आकडा टाकून काय होणार? तिथे शोधायचं की दर वेळी काय वेगळं होतं. ठेवायची जागा, ठेवणारा हात, चाकाला लागलेली धूळ, उतरलेली बॅटरी, मॅट. मुलांना हा फरक एकदा डोळ्यांनी दिसला की अर्धी भांडणं आपोआप थांबतात, कारण वाढव की कमी कर याच्या आधी काय विचारायचं ते त्यांना कळलेलं असतं.

बोलायचं म्हणाल तर मी तीनच गोष्टी विचारतो. काय झालं? कुठपर्यंत बरोबर होतं? आता तुला काय वाटतं, काय होईल? "का झालं" हे मुद्दाम मागे ठेवतो, कारण का विचारलं की पोट्टे लगेच "सेन्सर खराब आहे" म्हणून मोकळे होतात. "कुठपर्यंत बरोबर होतं" याने प्रोग्राम तोडायची सवय लागते, फक्त सरळ जाणं चालवून बघ, मग फक्त वळण, मग पुढचं. आणि तिसऱ्या प्रश्नाला तोंडी उत्तर घेत नाही, बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने आपल्या रंगाचा टेप मॅटवर लावायचा, रोबो इथे थांबेल म्हणून. न बोलणारी मुलंसुद्धा टेप लावतात.

आमच्याकडे सातवीतली एक मुलगी होती, बाकीचे वळणाचा आकडा मागेपुढे करत असताना ती पोटावर झोपून डोळे मॅटच्या पातळीला आणून बघत होती. ती म्हणाली वळणाच्या आधीच रोबो किंचित उसळतो. मॅट गुंडाळून ठेवलेली असायची नं, तिची बारीक उंच रेघ उठली होती आणि रोबोचा मागचा टेकूचा गोळा त्यावरून जाताना तोंड फिरत होतं. मॅट दोन दिवस सपाट पसरून कडेला वजनं ठेवली. प्रोग्राममधला एकही आकडा बदलला नाही.

एक वही ठेवा. काय बदललं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, बस. आणि एका वेळी एकच बदल, यावर मात्र कडक राहा, दोन गोष्टी बदलून रोबो सुधारला तर कशाने सुधारला ते कोणालाच सांगता येत नाही.

---

मेकॅनिकलवाला_नागपूर

वरच्या सरांचं टेपचं एकदम बरोबर. तुकडे पसरले तर बघायच्या गोष्टी सांगतो, पण मुलांना यादी देऊ नका, त्यांना शोधू द्या.

स्पाइक प्राइमच्या (लेगोच्या रोबो किटच्या) किटमधलं चाक ५६ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे एका फेऱ्यात रोबो साधारण १७.६ सेंमी जातो. हे मुलांकडून दोरी लावून मोजून घ्या, पाचवीतल्यालाही जमतं, आणि मग "अडीच करू का पावणेतीन" हा अंदाजपंचे प्रकार बंद होतो, पट्टीने अंतर मोजायचं आणि भागायचं. वळणाचंही तसंच. दोन चाकांच्या मध्यामध्ये ११.२ सेंमी अंतर असेल आणि रोबो जागेवर फिरत असेल तर ९० अंशाला प्रत्येक चाक बरोबर अर्धा फेरा फिरतं, कागदावर वर्तुळ काढून मुलं स्वतः हे काढू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला रोबो फक्त १ अंश वाकडा ठेवला गेला तर एक मीटर गेल्यावर तो पावणेदोन सेंमी बाजूला गेलेला असतो. ३ अंश वाकडा असेल तर पाच सेंमीच्या वर. डोळ्याला ३ अंश चटकन लक्षातही येत नाहीत! तुमचा दांडा दोनतीन सेंमीचा असेल तर चुकण्याचं कारण बहुतेक बेसमध्येच आहे, दांड्यापाशी नाही. ठेवताना लेगोच्या बीमचा (लांब पट्ट्यांचा) काटकोनी साचा करा, तो टेबलाच्या कडेच्या भिंतीला टेकवायचा आणि रोबो त्याला टेकवायचा. लांबच्या मिशनसाठी (मॅटवरच्या कामासाठी) मधे एकदा भिंतीला पाठ टेकवून रोबो सरळ करून घ्यायचा. गायरो (रोबो किती वळला ते मोजणारा सेन्सर) वापरत असाल तर हब सुरू करताना हलवायचा नाही, टेबलावर स्थिर ठेवूनच सुरू करायचा.

आणि नागपूरची धूळ! दर प्रॅक्टिसच्या आधी चाकं ओल्या फडक्याने पुसा, खूप फरक पडतो.

---

शाळेतली_मॅडम

मी शाळेत अटल टिंकरिंग लॅब बघते (केंद्र सरकारची ही योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीसाठी), त्यामुळे वेगवेगळ्या स्वभावाची मुलं पाहिलीत. लॅपटॉप धरून बसणाऱ्या मुलावर रागावू नका, त्याला खरंच आवडतं म्हणून तो धरतो. पण नियम करा की कीबोर्डवर हात ज्याचा, डोकं दुसऱ्याचं. म्हणजे जो टाइप करतो त्याने स्वतःच्या मनाने काही टाकायचं नाही, शेजारचा सांगेल तेच टाकायचं, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. आठवीतल्याला जेव्हा सहावीतलीला सांगून करून घ्यावं लागतं तेव्हा त्याला स्वतःलाही नीट समजतं.

त्या बघत बसणाऱ्या मुलीला "तू पण बोल नं" असं सगळ्यांसमोर म्हणू नका. तिला एक काम द्या ज्याच्याशिवाय बाकीच्यांचं अडतं. वही तिच्याकडे द्या, आणि नियम असा की वहीत नोंद झाल्याशिवाय पुढचा रन नाही.

त्या बाबांचं. या स्पर्धेत काम मुलांचंच असावं लागतं. परीक्षक मुलांना समोर बसवून विचारतात हे असंच का केलं, आधी काय करून पाहिलं, कोणी काय केलं. दुसऱ्याने करून दिलेल्या प्रोग्रामवर मुलं तिथे गप्प होतात, बघवत नाही ते. शिवाय रोबो गेम हा चारातला एकच भाग आहे, रोबो डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज (टीम एकमेकांशी कशी वागते) हे बाकीचे तीन, आणि चारही सारखेच मोलाचे. पूर्ण संध्याकाळ दांड्यावर घालवू नका.

---

माजी_टीम_मेंबर

मी आता इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, शाळेत असताना दोन सीझन टीममध्ये होतो, म्हणून मुलांच्या बाजूने थोडं वेगळं सांगतो. सतत प्रश्न विचारणारा कोचपण डोकं खातो. आम्हाला गायरो म्हणजे काय हेच माहीत नव्हतं आणि सर विचारत राहायचे तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय वाटतं. जे माहीतच नाही ते वाटणार कुठून? रात्री घरी जाऊन रडलो आहे मी त्यावरून.

माझ्या मते माहिती सांगून टाकावी, निर्णय सांगू नये. गायरो काय मोजतो, कलर सेन्सर काळ्यावर कमी आणि पांढऱ्यावर जास्त आकडा का दाखवतो, मोटर किती फिरली ते कसं वाचायचं, हे सरळ शिकवा, दाखवा, व्हिडिओ लावा, यात लपवण्यासारखं काही नाही. पण या मिशनला गायरो वापरायचा की भिंत वापरायची हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुम्हाला चुकीचं दिसत असलं तरी. आम्ही एकदा भलामोठा हात बनवला होता, सरांना नक्की दिसत असणार की समोरचं वजन जास्त झालंय आणि मागची चाकं उचलली जाणार, पण ते काहीच बोलले नाहीत, आणि तो रोबो नाकावर आपटला तेव्हा वजन कुठे असावं हे मला जे समजलं ते आज कॉलेजमध्येही कामी येतं.

आणि मुलं रडवेली झाली तर काम बंद करा, त्या वेळी शिकणं बिकणं काही होत नाही. खाली पाठवा, क्रिकेट खेळू द्या, पोहे खाऊ घाला, दुसऱ्या दिवशी तोच प्रॉब्लेम पाच मिनिटांत सुटतो.

---

प्रतापनगर_कोच

माहिती द्या, निर्णय देऊ नका हे मान्य, माझं वरचं त्याच्याबरोबर वाचा. फक्त एक भर. माहितीसुद्धा गरज लागली की द्या. भिंतीशिवाय सरळ जाता येत नाही हे मुलांनी अनुभवलं की मग गायरो दाखवा, तेव्हा ती झडप घालून शिकतात, पहिल्याच दिवशी सगळे सेन्सर शिकवले तर एकही लक्षात राहत नाही.

---

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल टेपचं केलं. तुकडे पार पसरलेले! मुलं आधी हसली आणि मग एकदम शांत झाली. मी फक्त विचारलं की यातला कोणता आकडा बरोबर म्हणायचा, तर पाचवीतला छोटा म्हणाला कोणताच नाही काकू, आकडा तर एकच होता.

मग "कुठपर्यंत बरोबर होतं" विचारलं. त्यांनी नुसतं सरळ जाणं चालवलं, तेही पसरलं. वही त्या सहावीतल्या मुलीकडे दिली होती, तिने दर वेळी रोबो कोणी ठेवला तेही लिहून ठेवलं होतं, मी सांगितलं नव्हतं. तिने वही पुढे केली, दोन जणांचे तुकडे नेहमी उजवीकडे. मग सगळे त्या दोघांचे हात बघायला लागले, तर बटण दाबताना रोबोला बोटाचा धक्का बसून तो जरासा फिरत होता. त्यांनीच ठरवलं की एका हाताने रोबो दोन्ही बाजूंनी धरायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, आणि बीमचा साचापण बनवून राहिलेत आता, तीन डिझाइन झालीत, त्यावर भांडण चालू आहे पण ते वेगळं भांडण आहे, प्रत्येक जण आपला साचा पाच रन करून दाखवायला तयार आहे.

आठवीतल्याने लॅपटॉप दहा मिनिटांनी स्वतःहून दिला नाही, आठवण करावी लागते.

आता शेवटचा प्रश्न, ते इंजिनिअर बाबा रोज येऊन मागे उभे राहतात, त्यांचा जीव आहे मुलावर, त्यांना नाही कसं म्हणू?

---

शाळेतली_मॅडम

त्या मुलीला शाबासकी सांगा माझ्याकडून, खरंच. नोंद कशाला म्हणतात ते कळलंय तिला.

बाबांना नाही म्हणू नका, काम द्या. टेबल बनवून घ्या त्यांच्याकडून, आठ बाय चारचं प्लाय, चारही बाजूंना पट्ट्या, पाय असे की हलणार नाही. तुमचा रोबो भिंतीला टेकणार असेल तर पट्टी सरळ हवी, तेवढी अचूकता त्यांना करायला आवडेल. आणि महिन्यातून एकदा त्यांना पाहुणे परीक्षक म्हणून बसवा, मुलांनी त्यांना समजावून सांगायचं आणि त्यांनी फक्त "का" विचारायचं.

---

मेकॅनिकलवाला_नागपूर

कलर सेन्सर वापरायला लागाल तेव्हासाठी एक सांगून ठेवतो. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये घेतलेले काळ्यापांढऱ्याचे आकडे स्पर्धेच्या हॉलमध्ये तसेच येतील असं धरू नका. सेन्सर मॅटच्या जवळ बसवा, बाजूने बीमचा आडोसा करा, आणि स्पर्धेच्या सकाळी प्रॅक्टिस टेबलवर गेल्या गेल्या काळा किती पांढरा किती हे परत मोजून वहीत लिहायचं, मधला आकडा काढून मगच प्रोग्राममध्ये टाकायचा. चार्जर आणि मास्किंग टेप सोबत न्या.