सी एक्स्टेंशनचं नाव आणि जागा दोन्ही बदलायचंय: जुनी पिकल आणि जुनी व्हील कशी सांभाळायची?

घाटवळण (धागाकर्ता)

एका मुक्तस्रोत पायथन लायब्ररीत सीमध्ये लिहिलेलं एक्स्टेंशन मॉड्यूल आहे. लायब्ररीला इथे ‘गणक’ म्हणू आणि एक्स्टेंशनला ‘_गणकसी’. ते पॅकेजच्या आत नाही, साइट-पॅकेजेसमध्ये (पायथन पॅकेजेस जिथे बसतात त्या फोल्डरमध्ये) थेट वरच्या पातळीवर जाऊन बसतं. आता ते ‘गणक._गाभा._जलद’ असं आत न्यायचं ठरलंय.

आत्तापर्यंत झालेलं काम: सीची फाइल ‘गिट एमव्ही’ने नव्या फोल्डरमध्ये नेली आणि सेटअप फाइलमध्ये एक्स्टेंशनचं नाव बदललं. रॅपरमध्ये (एक्स्टेंशन इम्पोर्ट करणाऱ्या पायथन फाइलमध्ये) ट्राय-एक्सेप्ट आहे: आधी नवं नाव, इम्पोर्टएरर आला तर जुनं, तेही नसेल तर शुद्ध पायथनमधला पर्याय.

निकाल तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा. माझ्या लिनक्स मशीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या आणि वेगही नेहमीचा. सीआयवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) लिनक्सची जॉब पास होते, पण कितीतरी जास्त वेळ घेते. विंडोजची जॉब लिंकरवरच पडते: ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिंबॉल’, एलएनके २००१.

शिवाय लोकांकडे ‘मॅट्रिक्स’ या क्लासचे ऑब्जेक्ट पिकल केलेल्या (पायथनच्या पद्धतीने फाइलमध्ये साठवलेल्या) फाइल्स आहेत आणि बाहेरची काही पॅकेजेस आमची सीमधली फंक्शन्स (सी-एपीआय) कॅप्सूलमधून, म्हणजे सीचा पॉइंटर गुंडाळून देणाऱ्या पायथन ऑब्जेक्टमधून, वापरतात. त्यांचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

मुंगूस

तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. सेटअप फाइलमधलं नाव बदललं, पण सीमधल्या इनिट फंक्शनचं नाव तसंच राहिलं.

डॉट एसओ फाइल (लिनक्सवर बिल्ड झालेलं एक्स्टेंशन; विंडोजवर तेच डॉट पीवायडी) लोड करताना पायथन तिच्यात ‘पायइनिट_’ आणि पुढे मॉड्यूलच्या नावाचा शेवटचा तुकडा असं फंक्शन शोधतो. फक्त शेवटचा तुकडा, ‘गणक._गाभा’ त्यात येत नाही. नुसती जागा बदलली असती आणि शेवटचं नाव ‘_गणकसी’च ठेवलं असतं, तर या फंक्शनला हात लावायची गरज नव्हती. तुमचं नाव ‘_जलद’ झालं, म्हणून फंक्शन ‘पायइनिट__जलद’ हवं. मध्ये दोन अंडरस्कोर: एक पायइनिटचा, एक नावातला. एकच लिहिला की पुन्हा तीच रड.

विंडोजवर सेटअपटूल्स हे नाव एक्स्पोर्ट म्हणून लिंकरला देतं, त्यामुळे ते सापडलं नाही की लिंकर तिथेच थांबतो. लिनक्सवर बिल्ड बिनतक्रार पार पडतं आणि चूक इम्पोर्टच्या वेळी उघड होते: ‘डायनॅमिक मॉड्यूलमध्ये एक्स्पोर्ट फंक्शन नाही’ या अर्थाचा इम्पोर्टएरर. तो एरर तुमच्या ट्राय-एक्सेप्टने गिळला. सीआयवर मग जुनं मॉड्यूलही नसल्याने गाडी शुद्ध पायथनवर गेली, म्हणून ती जॉब हळू. तुमच्या मशीनवर मात्र आधीच्या बिल्डची ‘_गणकसी.सीपायथन-३१२-…’ अशा नावाची डॉट एसओ मुळाशी पडलेली असणार. गिटइग्नोरमध्ये असल्यामुळे ‘गिट स्टेटस’ तिचं नावही काढत नाही. तुमच्या हिरव्या टेस्ट त्या जुन्या फाइलच्या जिवावर आहेत.

आधी ‘गिट क्लीन -एक्सडीएन’ चालवून काय काय उडणार ते नीट बघा, मग एनच्या जागी एफ. एनची पायरी गाळू नका. एक्समुळे दुर्लक्षित फाइलसुद्धा जातात, त्यात तुमची डॉट ईएनव्हीही आली. ‘बिल्ड’ फोल्डरही याच फेरीत जाऊ द्या.

रॅपरमध्ये इम्पोर्टएररऐवजी मॉड्यूलनॉटफाउंडएरर पकडा. पायथन ३.६ पासून तो वेगळा आहे आणि मॉड्यूल सापडलंच नाही तरच येतो. फाइल आहे पण लोड होत नाही, तेव्हा साधा इम्पोर्टएरर येतो आणि तो दिसायलाच हवा. सीआयमध्ये एक टेस्ट अशीही ठेवा, जी ‘_जलद’ची ‘__फाइल__’ तपासते आणि ती डॉट एसओ किंवा डॉट पीवायडी नसेल तर नापास करते. एवढी एक टेस्ट असती तर हा धागा निघालाच नसता.

तारसप्तक

मुंगूस यांच्याशी सहमत. त्यात एक भर: मॉड्यूल डेफिनिशनमधलं ‘एम_नेम’ पण बदला. ते जुनं राहिलं तरी इम्पोर्ट अडत नाही, म्हणून ते हमखास विसरलं जातं. पण इनिट फंक्शन जुन्या एकटप्पी पद्धतीचं (तयार मॉड्यूलच परत देणारं) असेल, तर पायथन ‘एम_नेम’ची तुलना नव्या नावाच्या शेवटच्या तुकड्याशी करतो, जुळलं तरच पूर्ण नाव लावतो. नाही जुळलं तर मॉड्यूलचं ‘__नेम__’ जुनंच राहतं, आणि आतल्या फंक्शन्सच्या ‘__मॉड्यूल__’मध्येही तेच उतरतं.

आता पिकल. क्लासचा ऑब्जेक्ट पिकल होताना त्याचा कोड साठवला जात नाही. मॉड्यूलचं नाव आणि क्लासचं नाव अशा दोन स्ट्रिंग साठवल्या जातात. सीमधल्या टाइपसाठी मॉड्यूलचं नाव येतं ‘टीपी_नेम’मधून, शेवटच्या टिंबाच्या आधीचा सगळा भाग. तुमच्याकडे ते ‘_गणकसी.मॅट्रिक्स’ असणार. शंका असेल तर एखादी पिकल फाइल ‘पायथन -एम पिकलटूल्स’ला द्या, आतल्या स्ट्रिंग डोळ्यांनी दिसतात. मात्र क्लासला स्वतःचं ‘__रिड्यूस__’ असेल, तर ते जे फंक्शन परत देतं त्याचं ‘__मॉड्यूल__’ फाइलमध्ये जातं. तेव्हा दोन्ही बघा.

जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडणं सोपं आहे. जुन्या जागी ‘_गणकसी.पीवाय’ नावाची छोटी पुलाची फाइल ठेवायची, जी ‘मॅट्रिक्स’ नव्या जागेवरून आणून देते. उलटा प्रवास अवघड. ‘टीपी_नेम’ बदललं की नव्या आवृत्तीने लिहिलेली फाइल जुन्या आवृत्तीत ‘गणक._गाभा’ शोधत बसते आणि मोडते.

नमपायमध्ये हेच झालं. जून २०२४ च्या २.० आवृत्तीत ‘नमपाय.कोर’चं ‘नमपाय._कोर’ झालं, आणि नव्याने लिहिलेल्या पिकल जुन्या १.एक्समध्ये उघडेनात. त्यावर उतारा म्हणून १.२६ च्या मालिकेत ‘नमपाय._कोर’ नावाचे पोकळ पूल आधीच टाकले गेले होते. तुम्हीही तसंच करा: नवी आवृत्ती काढण्याआधी जुन्या मालिकेची एक पॅच आवृत्ती काढा, ज्यात ‘गणक/_गाभा/_जलद.पीवाय’ ही फाइल नव्या नावाने येऊन जुन्या ‘_गणकसी’कडे बोट दाखवते.

दुसरा मार्ग म्हणजे पिकलमध्ये कायम जुनंच नाव लिहीत राहणं. नमपायनेच १.१६ मध्ये दोन एक्स्टेंशन एकत्र करून ‘_मल्टिअ‍ॅरे_यूमॅथ’ केलं, तेव्हा ‘_रिकन्स्ट्रक्ट’ फंक्शनच्या ‘__मॉड्यूल__’मध्ये मुद्दाम ‘नमपाय.कोर.मल्टिअ‍ॅरे’ लिहून ठेवलं. चालतं, पण मग पूल कधीच काढता येत नाही. मला पहिला मार्ग बरा वाटतो.

आणि एक: जुन्या टॅगवर बिल्ड करून एक पिकल फाइल आत्ताच तयार करा आणि टेस्टच्या डेटात टाका. नव्या कोडने बनवलेल्या फाइलने हे तपासलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

घाटवळण

दोघांचे आभार. फंक्शनचं नाव बदललं, जुनी डॉट एसओ उडवली, तिन्ही ठिकाणी टेस्ट हिरव्या आणि वेगही परत आला.

पुलाच्या फाइलबद्दल एक शंका. त्यात ‘फ्रॉम गणक._गाभा._जलद इम्पोर्ट *’ एवढं पुरेल का? की जुन्या नावानेही तीच सीची फाइल दुसऱ्यांदा बिल्ड करावी? सेटअपमध्ये ती एका ओळीची भर आहे.

मुंगूस

दुसऱ्यांदा बिल्ड अजिबात नको. दोन डॉट एसओ म्हणजे दोन वेगळे ‘मॅट्रिक्स’ टाइप. छापल्यावर दिसायला सारखे, पण ‘इझइन्स्टन्स’ला एकाचा ऑब्जेक्ट दुसऱ्याचा वाटत नाही. सीमधले स्टॅटिक व्हेरिएबलही दोन-दोन. असा बग शोधताना डोकं आऊट होतं.

तारांकित इम्पोर्टही अपुरा आहे. ‘__ऑल__’ नसेल तर अंडरस्कोरने सुरू होणारी नावं त्यात येत नाहीत, आणि सांगायची सूचनाही राहून जाते. पायथन ३.७ पासून मॉड्यूलच्या पातळीवर ‘__गेटअ‍ॅट्र__’ लिहिता येतं, ते वापरा. नाव मागितलं की डेप्रिकेशनवॉर्निंग द्या आणि नव्या मॉड्यूलमधून ते नाव परत करा. स्टॅकलेव्हल २ ठेवा, म्हणजे इशाऱ्यात तुमच्या पुलाची नव्हे, वापरणाऱ्याची ओळ दिसते.

इथे बारीक खोच आहे. ‘फ्रॉम _गणकसी इम्पोर्ट मॅट्रिक्स’ लिहिल्यावर पायथन आधी ‘__पाथ__’ आहे का ते विचारतो, आणि तो प्रश्नही तुमच्या ‘__गेटअ‍ॅट्र__’कडेच येतो. म्हणून दोन अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावांना इशारा न देता सरळ अ‍ॅट्रिब्यूटएरर द्या. नाहीतर एका इम्पोर्टला दोन इशारे, आणि पहिला भलत्याच नावाचा.

हेही ध्यानात घ्या की डेप्रिकेशनवॉर्निंग एरवी दडवलेलीच असते. ती थेट ‘__मेन__’मधल्या कोडला किंवा पायटेस्टमध्ये दिसते. ‘इशारा देऊन दोन महिने झाले’ याचा अर्थ लोकांनी तो वाचला असा होत नाही. खुद्द पायथनने ‘सीएलिमेंटट्री’ ३.३ मध्ये कालबाह्य ठरवलं आणि काढलं ३.९ मध्ये. तुम्ही इतकं थांबू नका, पण दोन मोठ्या आवृत्त्या तरी पूल राहू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं: एकाच फोल्डरमध्ये ‘_गणकसी’ची डॉट एसओ आणि डॉट पीवाय दोन्ही असतील तर पायथन डॉट एसओ उचलतो. शोधाच्या क्रमात एक्स्टेंशन आधी, सोर्स नंतर. पिपने अपग्रेड केलं तर जुनी फाइल रेकॉर्डप्रमाणे (बसवलेल्या फाइलींच्या यादीप्रमाणे) काढली जाते, पण कोणी हाताने कॉपी केली असेल तर तुमचा पूल कधी चालणारच नाही.

कोथळीगड

कॅप्सूलचा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जाचक आहे, कारण जुनं नाव दुसऱ्यांच्या तयार व्हीलमध्ये (आधीच बिल्ड केलेल्या पॅकेज फाइलमध्ये) भाजलेलं असतं. त्यांनी पुन्हा बिल्ड करेपर्यंत ते ‘_गणकसी._सी_एपीआय’ असंच मागणार.

तुमच्या पुलामुळे मॉड्यूल सापडेल, अ‍ॅट्रिब्यूटही सापडेल, तरीही ‘पायकॅप्सूल_इम्पोर्ट’ नापास होईल. ते कॅप्सूलच्या आत साठवलेलं नाव मागितलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघतं. म्हणून सीमध्ये त्याच पॉइंटरवर दोन कॅप्सूल बनवा. ‘गणक._गाभा._जलद._सी_एपीआय’ नावाचं एक, आणि जुन्या पूर्ण नावाचं दुसरं, जे मॉड्यूलमध्ये ‘_सी_एपीआय_जुने’ म्हणून ठेवायचं. पुलाच्या फाइलमध्ये ‘_सी_एपीआय’ला हे दुसरं द्या, तेही ‘__गेटअ‍ॅट्र__’मधून न देता थेट, म्हणजे परक्या वापरकर्त्यांवर इशाऱ्यांचा मारा होणार नाही.

जागा बदलल्याने आणखी एक गोष्ट बदलते. ‘पायकॅप्सूल_इम्पोर्ट’ आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत पहिल्या टिंबाआधीचंच मॉड्यूल इम्पोर्ट करतं. पुढचे तुकडे नुसते अ‍ॅट्रिब्यूट म्हणून शोधतं. वरच्या पातळीवर होतात तोवर हे जाणवलं नाही. आता ‘गणक’च्या ‘__इनिट__’ने ‘_गाभा._जलद’ स्वतः इम्पोर्ट केलेलं नसेल, तर नवं नाव वापरणाऱ्यालाही अ‍ॅट्रिब्यूटएरर मिळेल. आळशी इम्पोर्टची हौस असेल तर इथे ती सोडा, किंवा हेडरमध्ये आधी पूर्ण नावाने ‘पायइम्पोर्ट_इम्पोर्टमॉड्यूल’ करून मग कॅप्सूल मागा.

उलट बाजूने, ‘_जलद’ लोड होण्याआधी आता ‘गणक’चं ‘__इनिट__’ चालतं, जे पूर्वी होत नव्हतं. सीमधला इनिट परत ‘गणक’मधलं काही नाव मागत असेल, तर ‘पार्शली इनिशियलाइझ्ड मॉड्यूल’ची तक्रार येईल. ‘गणक.त्रुटी’ असं उपमॉड्यूल थेट मागा, ‘गणक’चं अ‍ॅट्रिब्यूट मागू नका.

(नावं इथे देवनागरीत वाचायला छान वाटतात, पण प्रत्यक्षात एक्स्टेंशनला देऊ नका. बिगर-आस्की नाव असेल तर फंक्शन ‘पायइनिट_’ नसतं, ‘पायइनिटयू_’ असतं आणि पुढे प्युनिकोड. आधीच काय कमी गोंधळ आहे!)

रिकामा_कंस

थोडं गिटबद्दल. ‘गिट एमव्ही’ फाइल हलवल्याची वेगळी नोंद कुठेच करत नाही. गिट नंतर दोन फाइलमधलं साम्य मोजून ओळखतं, आपसूक मर्यादा ५० टक्के. त्यामुळे हलवणं एका कमिटमध्ये आणि आतले बदल पुढच्या कमिटमध्ये करा. मोठ्या सी फाइलला फारसा फरक पडत नाही, पण पंधरा ओळींच्या हेडरमध्ये गार्ड आणि दोन इन्क्लूड बदलले की साम्य घसरतं आणि इतिहास तुटतो. पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सगळ्या कमिटची एकच करून) मर्ज करत असाल तर या विभागणीचा उपयोग शून्य, तेव्हा या एका वेळी साधं मर्ज करा. जुना इतिहास बघायला ‘गिट लॉग --फॉलो’, आणि तेही एका वेळी एकाच फाइलसाठी.

रिलीजआधी ‘_गाभा’मध्ये ‘__इनिट__.पीवाय’ आहे ना ते बघा. नसेल तर ‘फाइंड_पॅकेजेस’ ते फोल्डर गाळतं, पण डॉट एसओ मात्र व्हीलमध्ये जाते. म्हणजे अर्धं पॅकेज आणि तरी इम्पोर्ट चालू, शेजारच्या पायथन फाइल तेवढ्या गायब. डॉट पीवायआय स्टब (टाइपची माहिती देणाऱ्या फाइल), कव्हरेजची सेटिंग आणि कोंडा रेसिपीतली इम्पोर्टची यादी यांतही जुनं नाव असतं. रेपोभर ‘गिट ग्रेप _गणकसी’ करा. निकालात पूल, त्याची टेस्ट, सीमधलं जुन्या नावाचं कॅप्सूल आणि चेंजलॉग एवढंच उरायला हवं.

व्हील तयार झालं की रेपोच्या बाहेर, रिकाम्या फोल्डरमधून, नव्या व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट चालवा. आत बसून चालवलं तर चालू फोल्डरच आधी सापडतं. लिनक्सवर डॉट एसओवर ‘एनएम -डी’ (फाइलमधली सिंबॉल्सची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून त्यात ‘पायइनिट’ शोधा. एकच ओळ यायला हवी.

घाटवळण

दोन कॅप्सूलचा उपाय लागू पडला, एका बाहेरच्या पॅकेजचं जुनं व्हील पुन्हा बिल्ड न करता चाललं. ‘गिट ग्रेप’मध्ये मात्र अजून ११ ठिकाणं निघाली, त्यातली ९ डॉक्युमेंटेशनमधली.