मिशन ट्रिपचा हिशोब : आधार नक्की कोण कोणाला देतंय?

नेवासकर
कालपासून एक पोस्ट फिरते आहे. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुण्याहून आपल्या ख्रिस्ती लोकांची एक टीम केनियाला गेली, किनारपट्टीवरच्या किलिफी काउंटीत. खेड्यापाड्यांतल्या पाळकांसाठी, म्हणजे पास्टरांसाठी शिबिर घेतलं, बायबलं वाटली, दोन मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चेसना मोटारसायकली दिल्या. आणि शेवटी हे वाक्य: "त्यांच्याकडे काहीही नाही, तरी चेहऱ्यावर केवढा आनंद! आम्ही द्यायला गेलो आणि घेऊनच परतलो." खाली आमेनची रांग.

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. मी पाळकाचा मुलगा आहे. आमच्याकडेही परदेशी पाहुणे यायचे. आई शेजारून हातउसने आणून कोंबडी करायची, आम्हा पोरांना इस्त्रीचे कपडे घालून ओळीत उभं केलं जायचं. पाहुणे गेल्यावर किराणावाल्याची उधारी फेडायला दोन महिने लागायचे. पुढे त्यांच्या पत्रकात आमचा फोटो यायचा आणि खाली हेच वाक्य. आनंद कसला डोंबलाचा! हसत उभे राहा म्हणून वडिलांनी दम भरलेला असायचा.

मुद्द्याचं बोलतो. जॉन गाटू हे पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे तेव्हाचे सरचिटणीस. त्यांनी १९७१ मध्ये थेट अमेरिकेत जाऊन सांगितलं, काही वर्षं तुमची माणसंही नकोत आणि पैसेही नकोत, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. तीन वर्षांनी झांबियातल्या लुसाकाला आफ्रिकेतल्या चर्चेसच्या परिषदेतही तोच सूर निघाला. आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही स्वतंत्र भक्तमंडळी सुरू केली, ते काय हौस म्हणून? पैसा बाहेरून यायला लागला की मंडळी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा द्यायची थांबते, आणि पाळकाचं लक्ष मंडळीकडून पुढच्या पाहुण्याकडे वळतं. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलं, तेच आता विमानात बसून दुसऱ्याच्या गावी तेच करायला निघालेत.

जाऊन_आलेला
ती पोस्ट माझीच. तुमच्या आईच्या कोंबडीचा राग माझ्यावर काढू नका.

तुम्ही गाटू सांगितलेत, शाकाहोला का नाही सांगितलंत? ते जंगल याच किलिफी काउंटीत आहे. २०२३ मध्ये तिथून चारशेहून जास्त प्रेतं उकरून काढली. पॉल मॅकेन्झी, आधी टॅक्सी चालवायचा, मग स्वतःच पाळक झाला. उपाशी राहून मरा म्हणजे येशूला भेटाल, असं शिकवलं. लोकांनी पोराबाळांना उपाशी मारलं. आज तिथल्या प्रत्येक छोट्या मंडळीकडे शेजारी संशयाने बघतात.

शिबिरात एक पाळक होता, पोटासाठी बोडाबोडा चालवतो, म्हणजे मोटारसायकलवरून सवाऱ्या नेतो. पावसात भिजून फुगलेलं बायबल, पुठ्ठा सुतळीने बांधलेला. मोबाइल त्याच्याखाली सरकवून बसला होता, सवारीचा फोन आला की उठून जायचा आणि तासाभराने परत. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याने हात वर केला. म्हणाला, "माझ्या मंडळीतली एक बाई विचारते, तो माणूसही उपासच सांगत होता आणि तुम्हीही गुड फ्रायडेच्या आधी उपासच सांगता, मग फरक काय? मी तिला काय सांगू?" आमच्यातले दोघे एम.डिव्ह., म्हणजे धर्मशास्त्रात मास्टर्स झालेले आहेत, दोघांनाही पटकन बोलता येईना. त्या एका प्रश्नावर अख्खी दुपार गेली. इथून नुसते पैसे पाठवून हे होत नाही; एम-पेसाने, म्हणजे तिकडच्या मोबाइल पैशाने पाठवून दाखवा.

आणि मोटारसायकली पाळकाच्या नव्हे, मंडळीच्या नावावर आहेत. चौकशी करून लिहीत जा.

वसईवाली
दादा, प्रश्न चांगला होता, पण उत्तर कोणत्या भाषेत दिलंत? तुम्ही इंग्रजीत, कोणीतरी स्वाहिलीत केलं, आणि त्या बाईपर्यंत ते गिर्यामात, तिथल्या बोलीत पोचणार. तिच्या कानावर नक्की काय पडलं, तुम्हाला ठाऊक आहे?

माझी आत्या सिस्टर होती, सगळी उमेद टांझानियात घालवली. सुरुवातीला तिला कोणी शिकवायला बसवलंच नाही. दवाखान्यात बँडेजं धुवायची आणि बायकांत बसून भाषा शिकायची. इकडे आली की स्वाहिलीतच शिव्या घालायची आम्हाला. तिने कधी 'आनंदी चेहरे' लिहिले नाहीत. कोणत्या बाईला नवरा मारतो ते तिला माहीत असायचं. आठवड्यासाठी जाणाऱ्यांना आमच्याकडे यात्रेकरू म्हणतात, मिशनरी नाही.

जाऊन_आलेला
ताई, तुमच्या आत्याबद्दल आदर आहे. पण सगळ्यांनाच संन्यास घेता येत नाही. मला नोकरी आहे, दोन मुलं आहेत. आठवडाभराची रजा मिळते, ती मी गोव्याला घालवली असती तर इथे कोणी धागा काढला नसता.

सडेतोड
गंमत आहे. इथे परदेशी पैशावर धर्मांतरं चालतात म्हणून सरकारला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा कडक करावा लागला, आणि आता इथले लोक आफ्रिकेत जाऊन तेच धंदे करणार. बिचाऱ्या आदिवासींना सोडा की त्यांच्या देवांबरोबर.

नैरोबीवासी
सडेतोड, जरा नकाशा उघडा. हे शिबिर पाळकांचं होतं. पाळक आधीच ख्रिस्ती असतो, त्याचं धर्मांतर कशात करणार? योहान क्राफ्ट या जर्मन मिशनऱ्याने किलिफीतल्याच राबाईला १८४६ मध्ये मिशन काढलं. इथिओपियाचा राजा इझाना ख्रिस्ती झाला चौथ्या शतकात, युरोपातला निम्मा मुलूख तेव्हा झाडांना पुजत होता. आज जगात सर्वांत जास्त ख्रिस्ती सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. लंडनमधल्या कितीतरी भरलेल्या चर्चेसचे पाळक नायजेरियन आहेत. तुम्ही 'बिचारे' म्हणता ते लोक इंग्रजांना धर्म शिकवतायत.

बाकी नेवासकर, इथे राहून सांगतो, तुमचंही पूर्ण खरं नाही. केनियातली मंडळी स्वतः देते. पत्र्याचं छप्पर घालायचं असलं की हरांबे करतात, एकेकाचं नाव घेऊन आकडा पुकारतात, लाजेकाजेस्तव का होईना पैसे पडतात. तिथे पाहुणा आला तर त्यालाही पुकारतात. टीमला पुकारलं का हो?

जाऊन_आलेला
पुकारलं. आणि जमलेल्या सगळ्यांत कमी आम्हीच टाकले, कारण कोणाला आकड्याचा अंदाजच नव्हता. हसले सगळे.

सडेतोड
नकाशा बघून सांगता ना, मग हेही सांगा की क्राफ्टच्या मागोमाग इंग्रजांची सत्ता आली की नाही? बायबल आधी, बंदूक नंतर. माझ्या आजोबांच्या गावात दुष्काळात ज्वारीच्या बदल्यात बाप्तिस्मे झाले, ते घरात ऐकत मोठा झालोय.

नेवासकर
आमचे पणजोबा त्याच दुष्काळातले असतील. ज्वारी मिळाली हे खरं. त्याआधी विहिरीवर पाणीसुद्धा मिळत नव्हतं, हेही तुमच्या घरात सांगितलं होतं का?

सडेतोड
विषय आफ्रिकेचा आहे, जातीवर नेऊ नका.

नेवासकर
दुष्काळ कोणी आणला मध्ये?

शरणपूर_रोड
भांडण चालू राहू द्या, पण राबाईचं नाव निघालं म्हणून लिहितो. नाशिककरांनो, शरणपूर रोडला रोज गाडी लावायला जागा शोधता, ते शरणपूर काय होतं ठाऊक आहे? इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवायचं. त्यातली कित्येक सीएमएस या इंग्रज मिशनच्या (चर्च मिशनरी सोसायटी) विल्यम प्राइसने नाशिकजवळ शरणपूरला वाढवली. लोहारकाम, सुतारकाम, लिहिणंवाचणं शिकवलं. त्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये राबाईला गेले. आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंगस्टन या मिशनरी-संशोधकाचं प्रेत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकचाच. १८७५ च्या सुमारास मोंबासासमोर सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसलं तेव्हा प्राइस स्वतः तिथे गेला, आणि इथून गेलेली शंभरावर माणसं तिथली पहिली शिक्षक, कारागीर, उपदेशक. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. म्हणजे किलिफीत पाळक घडवायचं काम नाशिकने दीडशे वर्षांपूर्वी केलंय. पुण्याच्या टीमने काही नवीन केलेलं नाही.

पुरावा_दाखवा
'नाशिकने केलंय'! नाशिकने काय केलं? इंग्रज मिशनने केलं, इंग्रज पैशाने, नाशिकच्या जमिनीवर. त्या मुलांना गावात कोणी घरात घेतलं होतं का? उगाच श्रेय लाटू नका.

शरणपूर_रोड
श्रेय कोण लाटतंय? इतिहास सांगतोय. नाशिकचं पाणी पिऊन वाढले एवढं तरी म्हणू द्या.

पुरावा_दाखवा
पाणी गोदावरीचं, ते हैदराबादच्या निजामानेही प्यायलंय. मग तो नाशिककर का?

नैरोबीवासी
फ्रीअर टाउनची घंटा अजून आहे. गुलाम पकडणाऱ्यांची गलबतं दिसली की वाजवायचे. तो नाकाच केंगेलेनी नावाने ओळखला जातो (केंगेले म्हणजे घंटा), मटाटूवाला, म्हणजे मिनीबसवाला तिथे उतरवतो. मुंबईचे पाहुणे आले की मी दाखवतो. निम्म्यांना फ्रीअर म्हणजे मुंबईचा तो गव्हर्नर हेच माहीत नसतं.

वसईवाली
शरणपूर दादा, गोष्ट भारी आहे, पण तुमच्याच बाजूवर उलटते आहे. या बॉम्बे आफ्रिकनांचं तिकडे पुढे काय झालं? काम सगळं त्यांचं, आणि पगार, मान यावरून गोऱ्या मिशनऱ्यांशी खटके. १८८५ मध्ये इंग्रज बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा उरलेला तांडा परत घेऊन आला तो जोन्स. पळून आलेल्या गुलामांना राबाईत आसरा दिला तोही जोन्सनेच. १८८९ मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे भरून अशी चौदाशेवर माणसं सोडवली, आणि शाबासकी कंपनीला. नेवासकर हेच म्हणतायत ना? राबणारा एक, फोटोतला दुसरा.

शरणपूर_रोड
बरं. ती बाजू लिहायची राहून गेली असं समजा. नाशिककरांनी एक पाटी तरी लावावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुरावा_दाखवा
पाटीवर नगरसेवकाचा फोटो मोठा आणि जोन्सचं नाव चुकीचं छापलेलं असेल. लिहून ठेवा.

सडेतोड
इंग्रजांनीच गुलाम सोडवले, आणि त्यांचं नाव घ्यायला तुम्हाला जड जातंय. बघा, मी इंग्रजांची बाजू घेतोय, काय वेळ आली आहे माझ्यावर.

मिरजेची_नर्स
सगळे इतिहासात रमलात. माझा प्रश्न साधा आहे. मराठवाड्यात आमच्या मंडळीचे पाळक तीन गावं एकटे सांभाळतात. एसटीने. पगार तीन-तीन महिने थकतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला अर्धी मंडळी निघून जाते, तेव्हा दानपेटीत खुर्दा उरतो. गेल्या वर्षी त्यांना मणक्याचा त्रास झाला, आम्ही नर्सबायकांनी वर्गणी काढली. पुण्याच्या मंडळीला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं, 'प्रार्थनेत आठवण ठेवू.' केनियाला मोटारसायकल जाते, परभणीला प्रार्थना येते.

नेवासकर
हे घ्या. मी एवढं पानभर लिहिलं, बाईंनी एका ओळीत सांगितलं.

जाऊन_आलेला
ताई, ते पत्र कोणत्या मंडळीला गेलं मला माहीत नाही, आमच्या टीममध्ये चार वेगवेगळ्या मंडळ्यांचे लोक होते. पण एक खरं सांगतो, रागावू नका. केनियासाठी लोक पैसे देतात. परभणीसाठी मागितले की म्हणतात, 'तिथे कमिटीत भांडणं आहेत, पैसा कुठे जातो कळत नाही.' भांडणं किलिफीतही असतील. ती आपल्याला कळत नाहीत, म्हणून द्यायला हात सैल सुटतो. मी काय करू त्याला?

वसईवाली
हे पहिलं प्रामाणिक वाक्य लिहिलंत. ती पोस्ट यापासून सुरू करायची होती.

नेवासकर
चला, एवढं मान्य करतो की तो उपासाचा प्रश्न समोरासमोर बसूनच निघतो, मोबाइलवर निघत नाही. पण तो ऐकायला पुण्याहूनच कोणी जायला हवं होतं का? नैरोबीत, लिमुरूत धर्मशास्त्राची कॉलेजं आहेत. तिथला स्वाहिली बोलणारा शिक्षक किलिफीत नेऊन बसवायचा, त्याचा भत्ता तुम्ही भरायचा. त्याच खर्चात वर्षभर चाललं असतं.

जाऊन_आलेला
आणि तसं लिहिलं असतं तर पैसे कोणी दिले असते? 'अमुक शिक्षकाचा प्रवासभत्ता' या मथळ्यावर एक तरी आमेन पडलं असतं का?

नेवासकर
नसतं. म्हणून तर माझं डोकं फिरतं.

नैरोबीवासी
मोटारसायकली कोणत्या दिल्यात? बॉक्सर?

जाऊन_आलेला
हो. तिथल्या पाळकांनीच सांगितलं, सुटे भाग कुठेही मिळतात. आकुर्डीच्या बजाजची गाडी किलिफीत घेऊन दिली म्हणून आमच्या टीममध्ये सगळे खूश.

नैरोबीवासी
विमा आणि पेट्रोल कोण भरतंय?

जाऊन_आलेला
मंडळी.

नैरोबीवासी
आणि मंडळी ते पेट्रोल भरणार गाडी बोडाबोडाला लावून. काही वाईट नाही त्यात. फक्त पुढच्या पत्रकात गाडी 'सुवार्तेसाठी' धावते आहे असं लिहू नका. शनिवारी तिच्यावर मक्याची पोती असतात.

मिरजेची_नर्स
परभणीला पोती वाहणारी मिळाली तरी चालेल. पत्ता मेसेजमध्ये टाकू का?