चाचणीत १५ मार्क, आणि पोरं म्हणतात ०.३५ मोठा! समजलंय की नाही हे ओळखायचं कसं?

गणितवाली_मॅडम

नमस्कार. मी नागपुरात एका अनुदानित शाळेत सहावीला गणित-विज्ञान शिकवते, वर्गात ४८ मुलं. दशांश अपूर्णांक शिकवून झाले, २० मार्कांची घटक चाचणी घेतली, बहुतेकांना १४-१५ च्या वर पडले, मी खूश. आणि परवा विज्ञानाच्या तासाला टेप घेऊन बाकं मोजायला लावली तर अर्धा वर्ग ठामपणे सांगून राहिला की ०.३५ मीटर हे ०.५ मीटरपेक्षा जास्त. का, तर ३५ हे ५ पेक्षा मोठे! मग ते १५ मार्क कशाचे होते? घरी येऊन माझीच प्रश्नपत्रिका पुन्हा बघितली तर सगळी उदाहरणं पुस्तकातलीच, फक्त आकडे बदललेले.

वर्गात "समजलं का?" विचारलं की "होऽऽ मॅडम" असा कोरस येतो, मागच्या बाकावरची तर सगळ्यात जोरात ओरडतात.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, नोंदी मी सगळ्या भरते, तोंडी काम, स्वाध्याय, प्रकल्प, निरीक्षण, एकही रकाना रिकामा नाही. पण खरं सांगू, ते रकाने भरण्यासाठीच भरते. कुठली पद्धत कधी वापरायची हे तुम्ही लोक कसं ठरवता? बी.एड.च्या नोट्स नका सांगू प्लीज, त्या मलाही पाठ आहेत.

काटोलकडचा_मास्तर

मॅडम, मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, मले जे जमलं ते सांगतो. पाटी. हो, तीच आपली पाटी-पेन्सिल. प्रत्येक पोट्ट्याजवळ एक पाटी, फळ्यावर एक प्रश्न, सगळ्यांनी लिहायचं पण पाटी छातीशी उलटी धरायची, मी "दाखवा" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. अर्ध्या मिनिटात अख्खा वर्ग दिसते. हात वर करायले लावला की तेच पाच हुशार पोट्टे हात वर करतात अन् बाकीचे त्यांच्या मागं लपून राहतात, पाटीत लपाले जागा नाही. एक करा मात्र, बाजूवाल्याची पाटी पाहाले वेळ देऊ नका, नाही तर पूर्ण रांगेचं उत्तर एकच येते 😄

पाटी नसन तर वहीचं मागचं पान चालते. मार्क लिहू नका पण. मार्क लिहिले की पोट्टे चोरी करतात, तोवर करत नाहीत.

त्रस्त_शिक्षक_४४०

हे सगळं ऐकायला मस्त आहे. माझ्या वर्गात ६३ मुलं आहेत, रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची असते, त्यात वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी, मग सत्राअखेरच्या परीक्षा, संकलित १ अन् संकलित २, आता २०२३-२४ पासून पाचवीला अन् आठवीला वार्षिक परीक्षा अन् नापास झाला तर पुन्हा परीक्षा. मूल्यमापनच करून राहिलो आम्ही, शिकवायचं कधी? वजन रोज केलं म्हणून बकरी लठ्ठ होत नाही भाऊ.

डीएडची_दीदी

@त्रस्त_शिक्षक_४४० बकरीचं एकदम पटलं सर. पण मॅडमचा प्रश्न वेगळा आहे, त्या अजून एक परीक्षा मागत नाहीयेत.

मी नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम करते, तिथे मी एकच प्रश्न विचारायला लावते: उत्तर कळल्यावर उद्या सकाळी तुम्ही वेगळं काय करणार? काहीच वेगळं करणार नसाल तर ती चाचणी घेऊच नका, तेवढा वेळ वाचवा. २० ऑगस्ट २०१० चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा जीआर आठवा, पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, मग वर वर जाताना कमी होत सहावीला ५०-५० आणि सातवी-आठवीला ४०. म्हणजे सहावीचं अर्धं मूल्यमापन शिकवता शिकवताच व्हायचं होतं. आपण काय केलं, त्याच्याही छोट्या छोट्या परीक्षा करून टाकल्या.

आता तुमच्या दशांशाचं बोलू, कारण तिथे खरी गंमत आहे. "०.७ मोठा की ०.३" विचारलं तर सगळे बरोबर येतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. "०.३५ की ०.५" विचारलं की ३५ वाले पकडले जातात. पण आणखी एक जमात असते, त्यांना वाटतं की दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या लहान, कारण शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो ना, अर्धवट ऐकलेलं असतं. ही मुलं ०.५ असं बरोबर उत्तर देतात, चुकीच्या कारणाने! त्यांच्यासाठी दुसरा प्रश्न, "०.७५ की ०.४". तिथे ती ०.४ म्हणतील आणि ३५ वाले बरोबर येतील. म्हणून दोन्ही प्रश्न जोडीने विचारा. कोण कुठे चुकलं त्यावरून उद्या कोणाला काय सांगायचं ते तिथल्या तिथे ठरतं. असे दोन प्रश्न आदल्या रात्री शोधायला मला अर्धा तास लागतो, वीस प्रश्नांचा पेपर दहा मिनिटांत निघतो.

आणि कौशल्य बघायचं असेल तर लिहायला लावू नका. विद्युत परिपथाची सुबक आकृती काढणारी मुलगी हातात सेल, वायर अन् बल्ब दिल्यावर दोन्ही वायरी बल्बच्या एकाच टोकाला लावते हे मी स्वतः पाहिलंय. परिपथाचे मार्क द्यायचे तर बल्ब पेटला पाहिजे, सिंपल.

सहावीच्या_पोराची_आई

मी शिक्षक नाही, मधेच बोलते माफ करा. ते प्रकल्प प्रकरण एकदा बंद करा हो. आमच्या घरी रविवारी रात्री ११ वाजता थर्माकोल कापून राहिलो होतो आम्ही नवराबायको, पोरगा झोपलेला, त्याआधी सीताबर्डीत रेडिमेड मॉडेल शोधायला दोन चकरा झाल्या त्या वेगळ्याच. अ-१ श्रेणी मिळाली. कोणाला मिळाली ती?

डीएडची_दीदी

@सहावीच्या_पोराची_आई हाहा ताई, तुमच्या थर्माकोलला मिळाली. यावर उपाय साधा आहे, प्रकल्प वर्गातच करायचा, घरून फक्त सामान आणायचं, आणि करताना शिक्षकाने फिरत फिरत "हे असं का केलंस" एवढं विचारायचं. दिसायला बेकार होतो, पण पोराचा असतो.

काटोलकडचा_मास्तर

वही तपासण्याचं एक राहिलं. मी आधी १० पैकी ६ असं लिहून खाली शेरा लिहायचो, पोट्टे ६ पाहायचे अन् वही बंद. मग मार्क लिहिणंच सोडलं, नुसतं लिहायचो "तिसरं उदाहरण पुन्हा पाय, हातचा कुठं गेला?" तेव्हा कुठं ते वही उघडून पाहाले लागले. पालक मात्र चिडले, मार्क काहून नाही म्हणून.

डीएडची_दीदी

सर, तुम्ही काटोलला जे केलं ते १९८८ मध्ये रूथ बटलर नावाच्या संशोधक बाईंनी तपासून पाहिलं होतं. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली. आणि दोन्ही मिळालेली? फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे मार्काशेजारी लिहिलेला शेरा वाया जातो, आपण रात्री जागून लिहितो तो.

त्रस्त_शिक्षक_४४०

बरं हे एक पटलं. निदान ६३ वह्यांत मार्क लिहायचे तरी वाचतील. पण एचएमला (मुख्याध्यापकांना) नोंद काय दाखवू?

डीएडची_दीदी

सगळ्यांची रोज नको. दिवसाला पाच-सहा मुलं ठरवून घ्या, फक्त त्यांचं निरीक्षण, एकेक ओळ. दोन-अडीच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. आणि "प्रगती समाधानकारक" लिहू नका, "०.३५ ला ०.५ पेक्षा मोठे मानतो, टेपवर दाखवल्यावर सुधारले" असं लिहा. वर्णनात्मक नोंद म्हणजे हेच.

गणितवाली_मॅडम

आज करून बघितलं म्हणून सांगायला आले. पाट्या मिळाल्या नाहीत, जुन्या वह्यांची पानं वापरली. पहिल्या प्रश्नाला ४५ पैकी (तिघे गैरहजर) २९ जणांनी ०.३५ लिहिलं. दुसऱ्याला ७ जणांनी ०.४ लिहिलं, आणि त्यातल्या दोघी माझ्या पहिल्या पाचातल्या! चाचणीत १९ आणि १८. मी त्यांच्याकडे वर्षभर बघितलंच नसतं.

२९ वाल्यांना आधी पैशांत समजावलं, ०.५ रुपये म्हणजे किती? तर म्हणे पाच पैसे. तो प्रयोग तिथेच संपला, पैसे पाहिलेत कुठे या पिढीने. मग टेप काढली, ५० सेंटिमीटरवर आणि ३५ सेंटिमीटरवर बोट ठेवायला लावलं तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडून "अरे हो" निघालं. त्या सात जणांचं काय करायचं ते अजून सुचलं नाही, त्यांना टेपवर दोन्ही बरोबर दाखवता येतं आणि कागदावर पुन्हा तेच लिहितात. कोणी केलंय का हे आधी? आणि काटोलवाले सर, ६०-७० पाट्या नागपुरात आता कुठे मिळतील, इतवारीत बघू का?