‘द ग्रेट गॅट्स्बी’मधील हिरवा दिवा

प्रश्न: फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ सालच्या या कादंबरीत नायक गॅट्स्बीची प्रेयसी डेझी हिच्या घराच्या बोटधक्क्यावरील हिरवा दिवा केवळ प्रेमाचे प्रतीक मानावा, की अमेरिकन स्वप्नाचेही, म्हणजे कष्टाने कोणीही मोठा होऊ शकतो या विश्वासाचेही?

उत्तर १: दोन्ही वेगळी काढता येत नाहीत, कारण नॉर्थ डकोटातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ ‘गॅट्स्बी’ हे नाव घेऊन ज्या श्रीमंतीमागे धावतो, तिचाच खणखणाट त्याला डेझीच्या आवाजात ऐकू येतो. मात्र तिथे पोहोचण्याची त्याची वाट दारूबंदीच्या काळातील चोरट्या धंद्यातून जाते.

उत्तर २: मला दिव्यापेक्षा राखेची दरी, म्हणजे कादंबरीतील राखेने भरलेला उजाड भाग, अधिक बोलकी वाटते. तेथील फलकावरचे डोळे तिथल्या गॅरेजवाल्या विल्सनला देवाचे वाटतात, आणि ती असते चष्म्याची जुनी जाहिरात!

प्रश्नकर्ता: मग गॅट्स्बीने लहानपणी एका पुस्तकात लिहिलेले स्वतःचे वेळापत्रक त्याचे वडील त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी अभिमानाने दाखवतात, ते कसे वाचावे?

उत्तर १: माझ्या मते, स्वप्नाचा सर्वांत निरागस पुरावा म्हणून.