'होल'ला भोक म्हणावं, छिद्र की नेढं?

गिरणाकाठ
मंडळी, एका मासिकासाठी संस्थितिशास्त्रातून (टोपॉलॉजी, म्हणजे ताणलं-दाबलं तरी न बदलणाऱ्या आकारगुणांचा अभ्यास) होणाऱ्या विदा-विश्लेषणावर (डेटा अ‍ॅनालिसिस) लेख लिहितेय. वाचक आमच्याच भागातली बी.एस्सी.ची मुलं. घरी अहिराणी, वर्गात मराठी, पुस्तक इंग्रजी. मोजमापातून आलेले बिंदू कागदावर मांडायचे, प्रत्येकाभोवती एक चकती हळूहळू मोठी करत न्यायची, आणि चकत्या एकमेकींना भिडताना मध्ये कुठे 'होल' तयार होतं, कधी बुजतं ते टिपायचं. बराच वेळ टिकलं तर तो त्या माहितीचा खरा आकार, लगेच बुजलं तर बहुतेक गोंगाट. एडेल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००० साली मांडलेली ही रीत, नाव 'पर्सिस्टंट होमॉलॉजी' (होमॉलॉजी म्हणजे होलं मोजायचं गणित).

मी सगळीकडे 'भोक' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'छिद्र' केलं, आणि 'पर्सिस्टंट'साठी मी 'टिकाऊ' लिहिलं होतं त्याचं 'चिरस्थायी'. 'भोक ग्राम्य वाटतं' असा समासात शेरा. मला 'चिरस्थायी छिद्र' वाचवत नाही. काय करावं?

शुद्धाक्षर
संपादकांचं बरोबर आहे. शास्त्रात असा शब्द लागतो ज्याच्यापासून पुढचे शब्द घडवता येतील. छिद्रापासून सच्छिद्र, सच्छिद्रता, छिद्रयुक्त होतं. भोकापासून काय होणार?

पांझरेकर
आमच्याकडे विचाराल तर, 'भोक शे ना भो, मंग भोकच म्हन!' ग्राम्य म्हणजे गावातलं. गावातली मुलंच वाचणार आहेत ना हा लेख?

यावलकरीण
गिरणाकाठताई, तुमच्या चकत्या म्हणजे आमचं ठिबक. केळीच्या बागेत सुकलेल्या जमिनीवर पाणी सोडलं की प्रत्येक ड्रिपरखाली आधी ताटलीएवढा ओला डाग पडतो. डाग पसरतात, नळीच्या कडेने ओलीला ओल मिळते. मग दोन नळ्यांच्या मधल्या पट्ट्यात ओल कुठे लवकर भिडते, कुठे उशिरा, आणि कोरड्या मातीचा एखादा तुकडा चहूबाजूंनी अडकतो. थोड्या वेळाने तोही भिजतो. पण जवळचा ड्रिपर क्षाराने चोंदला असेल तर तिथलं कोरडं तसंच राहतं, आणि त्यावरूनच चोंदलेला ड्रिपर सापडतो. त्या तुकड्याला आम्ही भोक म्हणत नाही की छिद्र म्हणत नाही, नुसतं 'कोरडं' म्हणतो.

'पर्सिस्टंट'साठी मात्र शब्द शेतात पडलेला आहे: तग. मे महिन्यात रोप तगलं म्हणजे ते अमर झालं असं कुणी समजत नाही. बाकीची गेली तेव्हा ते उभं होतं, एवढंच.

पाटणेकर
वा, यावलकरीणताई! 'तगणं' अगदी नेमकं. 'चिरस्थायी' तर गणितानेही चूक आहे. बिंदू मोजके असले की चकत्या वाढता वाढता कागदावरचं प्रत्येक होल कधी ना कधी बुजतंच. अखेरपर्यंत उरतो तो सगळ्या चकत्यांचा मिळून एक अखंड तुकडा. प्रत्येक होलाला जन्माची त्रिज्या असते आणि मृत्यूची त्रिज्या असते. त्या दोन्हींमध्ये एक आडवी पट्टी ओढतात, आणि सगळ्या पट्ट्या मिळून जे चित्र होतं त्याला बारकोड म्हणतात. ज्याच्या मृत्यूची नोंद ठेवायची त्याला 'चिर' कसं लावणार?

'होल'चा पेच वेगळा आहे. एका तोंडाचं बीळ, विहीर, खड्डा यांतलं काहीच संस्थितिशास्त्रात होल ठरत नाही, कारण न फाडता, नुसतं ताणून-दाबून ते सपाट करता येतं. होल आरपार हवं. फुटबॉलच्या आतली पोकळी हा आणखी निराळा प्रकार, तिला तोंडच नसतं. हे सगळं वेगवेगळं मोजायला बेट्टी संख्या आहेत (पोआंकारेने एन्रिको बेट्टीच्या नावावरून ठेवलेलं नाव): शून्याव्या संख्येत सुटे तुकडे, पहिलीत आरपार होलं, दुसरीत बंद पोकळ्या. 'भोक' म्हणा नाहीतर 'छिद्र' म्हणा, खड्डा आणि आरपार यांतला फरक दोन्ही शब्दांत बुडतो. मराठीत तो फरक पाळणारा शब्द आहे. नेढं. सुईचं नेढं, राजगडाचं नेढं, रतनगडाचं नेढं. ज्यातून दोरा ओवता येतो ते नेढं. गणितातली कसोटीही जवळपास हीच: त्याच्याभोवती फिरवलेला दोऱ्याचा फास आवळून बिंदूएवढा करता येत नाही.

शुद्धाक्षर
'नेढं' शिवणकाम करणाऱ्यांना आणि गड चढणाऱ्यांना माहीत, बाकीच्यांनी कोश उघडायचा. आणि 'तगणारी होमॉलॉजी' असं अर्धं शेतातलं, अर्धं ग्रीक लिहायचं का?

पांझरेकर
लिहायचं. तुमच्या 'विदा'पेक्षा बरं. रावेरकडे, बऱ्हाणपूरच्या वाटेवरच्या गावांत हिंदी रोज कानावर असते. तिथे विदा म्हणजे लेकीची पाठवणी. 'विदा-विश्लेषण' वाचून पोरांनी काय समजायचं? डेटा लिहा. मोबाईलमुळे तो शेळ्या वळणाऱ्यालाही कळतो.

शुद्धाक्षर
मोबाईलमधला डेटा रात्री बारापर्यंत वापरला नाही तर संपतो. विदा संपत नाही. शब्द सोपा वाटला म्हणून अर्थ पोचला असं होत नाही, पांझरेकरभाऊ.

दादरची भाकर
मी संख्याशास्त्र शिकवते. ताई, 'रँडम'ला 'स्वैर' मात्र लिहू नका, ही विनंती. स्वैर म्हणजे वाटेल तसं, बेबंद. यादृच्छिक बिंदू बेबंद नसतात, त्यांच्यामागे संभाव्यतेचा नियम असतो. गिल्बर्टने १९६१ मध्ये प्रतलावर पॉयसाँच्या नियमाने (एकमेकांवर अवलंबून न राहता, सगळीकडे सरासरी सारख्याच दाटीने) बिंदू विखुरले आणि ठरावीक अंतराच्या आतले बिंदू जोडून जाळं केलं, तिथून यादृच्छिक भूमितीची ही शाखा वाढली. तुमच्या लेखाला तिची गरज आहे, कारण निव्वळ योगायोगाने पडलेल्या बिंदूंमध्येही होलं दिसतातच. मग खरं कोणतं आणि योगायोगाचं कोणतं? २०१७ मध्ये बोब्रोव्स्की, काह्ल आणि स्क्राबा यांनी दाखवलं की अशा बिंदूंत सर्वांत जास्त तगलेल्या होलाची मृत्यूची त्रिज्या भागिले जन्माची त्रिज्या ही फार सावकाश वाढते. प्रतलात, बिंदू एन असतील तर साधारण लॉग एन भागिले लॉग लॉग एन या गतीने. तुमचं होल त्याच्या कितीतरी पुढे तगलं तरच त्याला आकार म्हणायचं. 'स्वैर' लिहिलंत की ही सगळी तुलनाच हातातून जाते.

यावलकरीण
बघा, मॅडमनी पण 'तगलं'च लिहिलं.

पाटणेकर
एक आणखी सुचतं. संस्कृतात 'ख'. आपण त्याला आकाश आणि शून्य म्हणून ओळखतो (भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं), पण त्याचा जुना अर्थ भोक असाच आहे. चाकात आस जिथे बसतो ते भोकही ख. सुख-दुःख तिथूनच आले असं मानणारे बरेच आहेत, आस नीट बसला की सुख. मग पहिली बेट्टी संख्या म्हणजे 'खसंख्या' का नको? छोटा शब्द, पुढे समासही होतात, शुद्धाक्षरांची अट पुरी होते. आणि खान्देशाचं नावच ख पासून सुरू होतं!

पांझरेकर
खान्देश नव्हे, कान्हदेश. कानबाई देवी घरोघर बसते ती उगाच नाही.

तापीतीर
फारुकी सुलतानांचा खान हा किताब, त्यांचा देश तो खान्देश. कानबाई इथे मध्ये कशाला?

पांझरेकर
फारुकींच्या आधी इथे लोक राहत नव्हते का, तापीतीर? त्यांनी या भागाला काहीच नाव ठेवलं नसेल?

पाटणेकर
आधीचा पुरावा हवा तर आमच्या गावचा, चाळीसगावजवळच्या पाटण्याचा, शिलालेख आहे. शके ११२८. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं. वरचा भाग संस्कृत, पण बाजारातल्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा लेख मराठीत उतरतो. त्यात विक्रीच्या मालाला 'केणें' म्हटलंय.

दादरची भाकर
म्हणजे गणिताच्या शाळेचा खर्च मराठीत लिहिला आणि गणित संस्कृतात! 'केणें' हा शब्द आज कुठे ऐकू येतो का? जुन्या पेठांमधल्या कुणाच्या घरी आहे का?

तापीतीर
त्याला वेगळा धागा काढा, दादरताई. माझे काका अमळनेरला अडतीवर होते, त्यांना विचारून सांगतो. पण कान्हदेशाचं मला पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.