स्वस्त बोर्ड घेताय? कर्नल कोण सांभाळतो ते आधी विचारा

फुरसतराव

'त्याच पैशांत ऑरेंज पायमध्ये दुप्पट रॅम मिळतेय, मग रास्पबेरी कशाला?' लिनक्सवर चालणाऱ्या या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डांबद्दल हे मला हल्ली इतक्या जणांनी विचारलंय की माझं मत एकदाच इथे मांडतो. शिव्या घालायच्या त्यांनी खुशाल घाला.

कोअर आणि गिगाहर्ट्झ मोजणं बंद करा. बोर्डावरच्या चिपचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, कोण सांभाळतो, हे आधी बघा. पीसीवर लिनक्स टाकताना आपल्याला हे विचारावं लागत नाही, कारण तिथे हार्डवेअर स्वतःच आपली ओळख देतं. यूईएफआय, एसीपीआय, पीसीआय यांच्याकडून कर्नलला कळतं की कुठे काय बसवलंय. एआरएम (मोबाइलमध्ये असतात त्या जातीचे प्रोसेसर) बोर्डावर असं सांगणारं सहसा कुणी नसतं. सिरीयल पोर्ट कोणत्या पत्त्यावर, एलईडी कोणत्या पिनवर, वाय-फायला वीज कुठून मिळते, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. एके काळी ही माहिती बोर्डागणिक कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर वैताग व्यक्त केला आणि मग एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली. आता माहिती वेगळ्या फाइलीत गेली, ठीक. पण ती फाइल आणि तिच्यामागचे ड्रायव्हर लिहिणार कोण?

स्वस्त बोर्डांच्या बाबतीत बहुतेक वेळा कुणीच नाही. चिपवाल्या कंपनीने अँड्रॉइड बॉक्ससाठी एक जुना कर्नल ठोकूनठाकून दिलेला असतो. बोर्डवाला त्याचीच इमेज (कार्डावर उतरवायची तयार प्रत) बनवतो, डाउनलोडला ठेवतो आणि पुढच्या मॉडेलच्या मागे लागतो. ऑलविनर या चिप कंपनीच्या ३.४ कर्नलचं प्रकरण आठवत असेल. २०१६ मध्ये उघड झालं की एका प्रॉक फाइलीत (कर्नलशी बोलायची फाइल) 'रूटमायडिव्हाइस' एवढंच लिहिलं की कुठलीही प्रोसेस रूट, म्हणजे आख्ख्या यंत्राची मालक! डीबगिंगची सोय विकायच्या मालात तशीच राहिली होती. दुसरं उदाहरण 'चिप' नावाच्याच ९ डॉलरच्या बोर्डाचं. २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी त्यावर उड्या टाकल्या, २०१८ मध्ये कंपनी बंद.

तेव्हा जाहिराती अडवणारं पाय-होल, सिनेमे दाखवणारं जेलीफिन, फाइली साठवणारं नेक्स्टक्लाउड असलं काही घरी चालवायचं असेल तर ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी घ्या, नाहीतर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला नवा. आणि नुसता रिले चालू-बंद करायचा असेल तर ईएसपी३२ किंवा पिको असला साधा मायक्रोकंट्रोलर पुरे, तिथे लिनक्सचं कामच नाही. मधे लिनक्सवाल्या बोर्डाला उरते ती जागा फार चिंचोळी आहे.

तपकीर गल्ली

फुरसतराव, उदाहरणं ऑलविनरची आणि निकाल सगळ्यांवर? असं कसं चालेल?

रास्पबेरी पायचा पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ ला आला. ३५ डॉलर, २५६ एमबी रॅम, ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर. त्यावर आजही ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस चालते. रडतखडत, पण चालते. तेव्हाच्या किती अँड्रॉइड फोनना आज अपडेट मिळतंय?

आणि हे नुसतं कंपनीच्या कृपेने झालेलं नाही. त्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारं हार्डवेअर होतं, पण प्रोसेसर एआरएमव्ही६. डेबियन या लिनक्स वितरणाच्या नव्या आवृत्तीला एआरएमव्ही७ हवा होता आणि जुनी आवृत्ती ते हार्डवेअर वापरत नव्हती. म्हणजे बोर्ड दोन्हीकडून लटकला. तेव्हा माइक थॉम्प्सन आणि पीटर ग्रीन यांनी डेबियनची हजारो पॅकेजेस या चिपसाठी नव्याने बांधून रास्पबियन उभं केलं. रास्पबेरी पाय फाउंडेशनशी त्या प्रकल्पाचा अधिकृत संबंधही नव्हता. तुम्ही विचारताय ना, लिहिणार कोण? हे असे लोक लिहितात. उत्साह वजा केलात तर तुमचा तो मिनी पीसीवरचा लिनक्स तरी कुठून आला असता?

आळशी ॲडमिन

धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण साधं आहे. आमच्याकडे लाईट जाते. लाईट गेली की एसडी कार्ड जातं. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल सिस्टिम बोंबलते, आणि लॉग लिहून लिहून कार्ड झिजतं ते वेगळंच.

शिवाय चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. बोर्ड घ्या, मग केस, पंखा, चांगलं कार्ड, मायक्रो एचडीएमआयची केबल. मोबाइलचा चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकतं, म्हणजे व्होल्टेज पडलं. रास्पबेरी पाय ५ ला पूर्ण ताकदीने चालवायचं तर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो, तो तुमच्या घरात आधीपासून पडलेला नसतो. सगळी बेरीज करा आणि मग मला 'स्वस्त' म्हणा.

सोल्डरसखी

@आळशी ॲडमिन, रास्पबेरी पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो चालू केला की कार्ड फक्त वाचलं जातं, बदल रॅममध्ये राहतात, लाईट दहादा गेली तरी फरक पडत नाही. डेटा साठवायचाच असेल तर यूएसबीवर एसएसडी लावा, पाय ४ थेट त्यावरून बूट होतो. आयडीत आळशी आहेच म्हणा.

आता विजेचा हिशोब. पाय ४ नुसता बसून असतो तेव्हा साधारण ३ वॅट घेतो. ऑफिसातला जुना मिनी पीसी १०-१५ सहज. १० वॅटचा फरक धरला तर चोवीस तास चालून वर्षाला ८८ युनिट होतात. युनिट दहा रुपयांचं धरलं तर जवळपास नऊशे रुपये, दरवर्षी. मिनी पीसीची पाच वर्षं मोजा की!

आणि 'ईएसपी३२ पुरे' हे वाक्य कॅमेरा न जोडलेल्या माणसाचं आहे. मी गच्चीत पक्ष्यांच्या खोप्यावर कॅमेरा लावलाय. रात्री इन्फ्रारेड, हालचाल झाली की चित्रण, आणि रस्त्यावरच्या दिव्याने उगाच चालू होऊ नये म्हणून पायथॉनमध्ये थोडी गाळणी. ईएसपी३२ वर चित्र येतं, पण ते बघून पक्षी ओळखायला पक्षीही कबूल होणार नाही. तिथे मिनी पीसी ठेवू? पावसाळ्यात? पाय झिरो एका छोट्या डब्यात मावतो.

अपस्ट्रीम अण्णा

दोन्ही बाजूंना थोडं थोडं झोडतो, कारण माझं पोट याच कामावर आहे.

पहिलं, रास्पबेरी पायची आरती जरा आवरा. तिथे एआरएम कोअर जागे होण्याआधी व्हिडिओकोअर हा चित्रांचा प्रोसेसर जागा होतो आणि बंद फर्मवेअर चालवतो. त्यांचा कर्नलही टोरवाल्ड्सच्या मूळ कर्नलपासून वेगळा, स्वतःच्या झाडावर वाढतो. त्यातले बदल मूळ कर्नलमध्ये जातात, पण सावकाश. आणि २०२१ ते २०२३ च्या टंचाईत बोर्ड मिळत नव्हते, तेव्हा कंपनीने उद्योगांच्या ऑर्डरींना प्राधान्य दिलं, छंदवाले रांगेत मागे. धंदा म्हणून समजण्यासारखं आहे. २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारातही उतरली. पण मग 'ही आपली चळवळ' वगैरे भाषा जपून वापरा.

दुसरं, फुरसतरावांचं निदान बरोबर, औषध चुकलं. बोर्ड नाकारू नका, नवा बोर्ड नाकारा. ऑलविनरचा तो ३.४ कर्नल भंगार होता हे खरं, पण लिनक्स-सनशी या हौशी गटाने त्याच चिपांचा आधार मूळ कर्नलमध्ये नेला. एच३, ए६४ या चिपांवर आज साधा, ताजा कर्नल चालतो, आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं डेबियनवर आधारलेलं लिनक्स) ची इमेज टाकली की काम सुरू. व्हिडिओ डीकोडिंगसाठी २०१८ मध्ये बूटलिन या फ्रेंच कंपनीने लोकवर्गणी काढली आणि ड्रायव्हर लिहिला. चिपवाल्याने करायचं काम वापरणाऱ्यांनी पैसे भरून करून घेतलं, हे चीड आणणारं आहे, पण झालं.

उलट रॉकचिप कंपनीचा आरके३५८८ हा प्रोसेसर बघा. त्याचे बोर्ड २०२२ मध्ये बाजारात आले. जीपीयूचा, म्हणजे चित्रं रंगवणाऱ्या भागाचा, पँथॉर ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला ६.१० या आवृत्तीत, म्हणजे जुलै २०२४. तोवर ज्यांनी 'दुप्पट रॅम' घेतली ते कंपनीच्या जुन्या ५.१० कर्नलवर अडकले होते. म्हणून माझा नियम: बोर्ड बाजारात येऊन तीन वर्षं होऊ द्या. किंमत उतरते आणि ड्रायव्हर चढतात.

फुरसतराव

@सोल्डरसखी, खोप्याला मिनी पीसी नको, मान्य. ती चिंचोळी जागा म्हणजे नेमकी हीच. वर्षाचे नऊशे मात्र मान्य नाहीत. मी एन१०० चंही नाव घेतलं होतं, तो ६ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर आहे. आख्खा पीसी थोडा जास्त घेईल, पण फरक तुम्ही दाखवता तेवढा राहत नाही.

@तपकीर गल्ली, रास्पबियनच्या दोघांबद्दल आदर आहेच. पण ते दोघे होते म्हणून तुमचा बोर्ड वाचला. ज्या बोर्डाला असे दोघे मिळाले नाहीत त्याच्या मालकाने काय करायचं? अण्णांचा नियम मला पटतो, फक्त दुकानात उभा असलेला नवखा माणूस आर्मबियनची सपोर्ट यादी वाचून येत नाही. तो रॅम बघतो. माझा धागा त्याच्यासाठी आहे.

आणि भाव? २०२५ च्या शेवटी मेमरी महागली तशी १६ जीबीचा पाय ५ १२० डॉलरवरून १४५ वर नेला. एवढे पैसे देऊन 'स्वस्त'?

मास्तर कुडाळकर

१६ जीबी कुणाला हवेत हो? तुम्ही सगळे सर्व्हरवर बोलताय. एबेन अप्टन यांनी हा बोर्ड काढला तो केंब्रिजला काँप्युटर सायन्सला येणारी मुलं रोडावली आणि येणाऱ्यांना प्रोग्रॅमिंगही जेमतेम यायचं म्हणून. सर्व्हर नंतर आला.

माझ्याकडे संध्याकाळी आठवी-नववीची मुलं येतात. जुना टीव्ही, कीबोर्ड आणि पाय ३. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, नाव लिहून डबीत ठेवलेलं. एकाने सुडो (मालकाच्या अधिकाराने चालणारी आज्ञा) लावून सिस्टिमचे प्रोग्रॅम असलेलं आख्खं युएसआर फोल्डर उडवलं. मी नवीन इमेज लिहायला लावली, त्याचीच त्याला. घरातल्या लॅपटॉपवर हे केलं असतं तर बापाने पुन्हा हात लावू दिला नसता. मिनी पीसीवरही करता येईल, कबूल, पण त्याला एलईडी आणि बटण जोडायला चाळीस पिना नाहीत. मुलांना पहिला दिवा लुकलुकला की जे होतं ते कर्नलच्या आवृत्तीवर अवलंबून नसतं.

एक तक्रार आहे, तीही लिनक्सकडे. देवनागरीचे फॉन्ट आधीपासून का नसतात? फॉन्ट्स-देवा हे पॅकेज टाकलं की ब्राउझर सुधारतो, टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरं तुटतात. पोरांना स्वतःचं नाव छापायचं असतं सगळ्यात आधी, आणि ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीचं तिथेच अडतं.

अपस्ट्रीम अण्णा

मास्तर, ती टर्मिनलची अडचण आहे, फॉन्टची नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, जोडाक्षर त्यात बसत नाही. 'कॉन्सोल' नावाचं केडीई या लिनक्स डेस्कटॉपचं टर्मिनल त्यातल्या त्यात बरं दाखवतं, पण पाय ३ वर त्यासोबत बराच केडीईचा पसारा येईल. त्यापेक्षा पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये एक खिडकी उघडून तिच्यात नाव छापायला लावा. दहा-बारा ओळींचं काम आहे.

तपकीर गल्ली

मास्तर, माझ्याकडे दोन पाय ३ आणि एक एच३ वाला ऑरेंज पाय धूळ खात पडलाय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ॲडॉप्टरसकट पाठवतो. ऑरेंजवर आर्मबियन टाकूनच पाठवेन, नाहीतर फुरसतराव पुन्हा धागा काढतील.